मटिल्डाबायचं शेवटचं बाकडं

"बाय, फादरचं प्रवचन कसं झालं?" असं कुणी विचारलं, की मटिल्डाबाय बिनदिक्कत सांगायची, "फार गोड!" आणि ते खोटं नव्हतं हो. प्रवचनात लागायची तेवढी गोड झोप तिला जगात दुसरीकडे कुठेच लागत नसे.

बायची निर्मळजवळ सोनचाफ्याची वाडी. चाफा काही तुमच्या सोयीनं फुलत नाही. तो अंधारातच खुडायचा, केळीच्या पानात बांधायचा आणि पाटी घेऊन विरारच्या बाजारात जाऊन बसायचं. तिथल्या फ्लॅटमधल्या बायका पूजेला फुलं नेतात आणि वर एक फुकट मागतात. रविवारी तर गिऱ्हाईक दुप्पट. ते आटपून बाय देवळात पोचायची तेव्हा बायबलचं पहिलं वाचन सुरू झालेलं असायचं. मग रिकामी पाटी दाराशी ठेवून ती शेवटच्या बाकड्याच्या टोकाला बसायची. त्या बाकड्यामागे भिंत होती. जुनी, जाड, गारेगार. शुभवर्तमान वाचून फादर फेबियन "प्रिय बंधुभगिनींनो" म्हणाले रे म्हणाले, की बायचं डोकं भिंतीला टेकलंच. प्रवचन संपून मंडळी उभी राहिली की बाकडं कुरकुरायचं आणि बाय जागी व्हायची. कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

मग उपवासकाळात एक पाहुणे फादर आले आणि त्यांनी सगळा घोळ करून ठेवला. त्यांनी येशूची मेजवानीची गोष्ट सांगितली. कुणी लग्नाला बोलावलं तर मानाच्या जागी बसू नका, शेवटच्या जागी बसा, यजमान स्वतः येऊन तुम्हाला वर बोलावील. ती त्यांनी अशी काही रंगवली की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बाय अर्थातच झोपली होती.

पुढच्या रविवारी बाय येऊन बघते, तर शेवटच्या बाकड्यावर एरॉलसर! एरॉलसर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, पॅरिश कौन्सिलचे मेंबर आणि पहिल्या बाकड्याचे जन्मसिद्ध मालक. ते आता नम्र झाले होते. आणि सर नम्र झाले म्हटल्यावर बाकीचे मागे राहतात की काय? आम्ही काय कमी नम्र आहोत? लोक पहिल्या घंटेच्या आधी येऊन मागच्या बाकड्यांवर रुमाल टाकायला लागले. एकदा तर दोन घरांत "आम्ही आधी बसलो होतो" यावरून अशी जुंपली, की देवळात होते म्हणून, नाहीतर एकमेकांच्या झिंज्या उपटल्या असत्या. पुढची बाकडी ओस पडली. बिचारे फादर फेबियन लाकडाला प्रवचन देऊ लागले.

बाय आली की सगळी नम्र मंडळी तिला हलक्या आवाजात सांगत, "पुढे जा बाय, पुढे मोकळं आहे." स्वतः मात्र कुणी तसूभर सरकायचं नाही.

बायनं खांबाला टेकून पाहिलं. खांब गोल, डोकं घरंगळायचं. मग ती बाहेर पायरीवर बसू लागली. पण जून उजाडला, पाऊस लागला आणि पायरीही गेली.

"आई, पुढे बसा हवं तर," रोशनी म्हणाली. रोशनी बायची सून, गायनमंडळात पहिल्या रांगेत उभी राहणारी. "पण झोपू नका हां. तुम्ही घोरता. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

पुढे बसून घोरली तर गाव हसणार, सुनेची मान खाली जाणार. बायनं मनाशी ठरवलं, एक रविवार बघायचं. फजिती झाली तर देवळातली मिस्सा बंद, घरीच रोझरीची माळ जपायची. ठरवलं खरं, पण ठरवताना तिला रडू आलं. नवरा गेला तेव्हासुद्धा तिचा एक रविवार चुकला नव्हता.

तो रविवार आला. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. बाय ओलीचिंब होऊन पहिल्या बाकड्यावर बसली. एकटी, थेट वेदीसमोर. हाताला चिमटे काढत तिनं शुभवर्तमान ऐकलं. नेमकं वादळाचं होतं. येशू शिष्यांबरोबर नावेत आहे, लाटा आत येताहेत आणि तो मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय.

"प्रिय बंधुभगिनींनो," फादर म्हणाले.

संपलं! सवय ती सवय. बायची मान पुढे पडली आणि घोरणं सुरू झालं. त्या दिवशी फादर माईक हातात घेऊन नेमके बाकड्यासमोर उभे होते. त्यामुळे ते घोरणं देवळातल्या सगळ्या स्पीकरांतून घुमलं. पोरं खिदळली. रोशनीनं गीतांच्या पुस्तकात तोंड खुपसलं. आणि एरॉलसर शेवटच्या बाकड्यावरून उठून तरातरा पुढे आले. त्यांनी बायचा खांदा गदागदा हलवला.

"मटिल्डाबाय, उठा! इथं देवाचा शब्द चाललाय, आणि तुम्ही खुशाल झोपता? काही वाटतं की नाही?"

बाय दचकून उभी राहिली. समोर फादर, मागे अख्खं गाव. तिला वाटलं, आता धरणी दुभंगेल तर बरं.

फादरनी सरांना हातानंच थांबवलं. "झोप लागली, बाय?"

"लागली, फादर." माईक अजून चालूच होता. "माफ करा. पुन्हा येणार नाही मी. पण घरी मला झोप येत नाही, फादर. मालक गेल्यापासून नुसती कूस बदलते. विहिरीचं पाणी खारं होत चाललंय, चाफा जगेल की नाही, पोराचं कसं होईल, रात्रभर तेच. इथं येते आणि वाटतं, आता बापाच्या घरी आले. आता बघणारा तो आहे. मग डोळा लागतो. काय करू?"

एरॉलसर हात मागे घेऊन उभे होते, ते तसेच पहिल्या बाकड्यावर बसले.

फादर फेबियननी प्रवचनाचा कागद घडी करून खिशात घातला. "वादळात झोप कुणाला लागते, हेच मी आज तासभर सांगणार होतो," ते म्हणाले. मग वेदीमागच्या आपल्या खुर्चीवरची लाल मखमली उशी त्यांनी आणली आणि बायपुढे धरली.

बायनं जीभ चावली. "अगोबाई, उशी नको, फादर! लाळ गळते माझी. भिंत तेवढी परत द्या."

सगळं देऊळ हसलं. शेवटचं बाकडं एका दमात रिकामं झालं. बाय पाय ओढत मागे गेली, टोकाला बसली, भिंतीला डोकं टेकलं. ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली तेव्हा रोशनी गायनमंडळ सोडून मागे आली, थोडा वेळ सासूच्या शेजारी नुसती बसली आणि मगच तिनं तिला हळू हलवलं.