जादा पाटा

मे महिन्यातला मंगळवार. हजर: सासूबाई, धाकटे दीर आणि मी. दिरांची जुनी जीपही हजेरीत धरते.

पडल्यामुळे सासूबाईंच्या मणक्याला चीर गेली होती. पाठीचा पट्टा काढायचा की नाही, हे महाडचे डॉक्टर त्या दिवशी ठरवणार होते. ते दुपारनंतर भेटत नाहीत. उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथवर एसटी येत नाही. उरली जीप.

जीपला मागे धक्के झेलायला स्प्रिंगचे लोखंडी पाटे आहेत, लांबाखाली आखूड असे एकावर एक बांधलेले. घोडागाडीचे पाटे पहिल्या मोटारींना लागले, तेच आमच्या जीपने अजून राखलेत. शिमग्याला मुंबईकर येतात ते कपाटे, टाक्या, गोण्या घेऊन. त्या ओझ्याने मुख्य पाटा दोनदा तुटला, म्हणून दिरांनी सणापुरता एक जादा घातला. इकडे सगळेच घालतात आणि सण झाला की काढायचे सगळेच विसरतात. भरलेली असली की गाडी झुलते. रिकामी असली की ताठ झालेले पाटे दबत नाहीत आणि ती खड्ड्यागणिक हाणते.

सासूबाईंना मधल्या बाकावर उशा लावून बसवले होते. दुसऱ्याच वळणावर त्या ओरडल्या, "थांबव रे! मी नाय येत. चालत जाईन."

"आये, महाड काय परसात हाय?"

"परसात नाय. पण पाठ माजी हाय, तुज्या मुंबईकरांची नाय."

त्या उतरून रस्त्याच्या कठड्यावर बसल्या.

"पाटा काढा," मी म्हटले.

"वहिनी, मिस्त्री पोलादपुरात, आपण इथं."

"मग ओझं भरा."

कठड्याचे ढासळलेले दगड शेजारीच पडले होते. आम्ही दोघांनी ते मागे रचले. मधून मधून मी मागच्या दांडीवर उभी राहून गाडी दाबून बघत होते. ती दबून सावकाश वर आली, तेव्हा थांबलो. माझे हात खांद्यापासून गळून गेले होते.

"काय गो, घर बांधताव काय?" म्हणत सासूबाई चढल्या. महाडपर्यंत त्या कण्हल्या, पण थांबव म्हणाल्या नाहीत.

डॉक्टरांनी पट्टा तसाच ठेवला आणि पुढच्या महिन्यात परत बोलावले.

दीर म्हणतात, गणपतीला मुंबईकर येणारच, आता पाटा कशाला काढायचा? मी रोज सकाळी आठवण करते. ते हो म्हणतात. दगड अजून जीपमध्येच आहेत आणि पाटा काढायचा राहिला आहे.