सातव्या फेरीत आलेला आरसा

या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसता वाचक आहे, आणि तेही खरं सांगायचं तर करमणुकीसाठी. कुणाच्या माळ्यावर पावलं वाजतात, कुणाला रस्त्यात बाई हात दाखवते... मी बायकोला वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं हसायचो. मी विमानांच्या मेंटेनन्समधला माणूस, एकवीस वर्षं हेच करतोय. ज्या वस्तूला पार्ट नंबर नाही, ती वस्तू माझ्या लेखी नाहीच. त्यामुळे खालचं वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. मी पुष्कळ हसून घेतलंय.

राहतो शारजात, अल मजाजला. नोकरी जबल अलीच्या पुढे, एका विमानतळावरच्या हँगरमध्ये. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमचं काम म्हणजे जुनी जेट आतून सोलून काढायची आणि गिऱ्हाईक म्हणेल तशी पुन्हा सजवायची. कुणाला उडतं हॉस्पिटल हवं असतं, कुणाला सोन्याचे नळ. मी लायसन्स्ड इंजिनिअर, म्हणजे शेवटची सही माझी. माझ्या सहीशिवाय विमान हलत नाही, हे मी एकेकाळी लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

आता ज्यावर सगळं अडलंय ती पद्धत आधी सांगतो. आमच्याकडे भिंतीवर हत्यारांचा बोर्ड असतो. प्रत्येक पान्याची, प्रत्येक स्क्रू-ड्रायव्हरची काळी आकृती त्यावर रंगवलेली. हत्यार काढलं की त्या जागी आपल्या नंबरचं पितळी टोकन अडकवायचं. संध्याकाळी बोर्डवर एक जरी आकृती रिकामी दिसली तरी विमान अडकलं. का, तर विसरलेला पाना हवेत कुठल्या केबलमध्ये जाऊन बसेल सांगता येत नाही. प्रत्येकाला पाच टोकनं मिळतात. ती संपली की दुसऱ्याचं टोकन वापरायचं नाही असा नियम आहे. आणि सगळे वापरतात.

रफीकभाई आमच्याकडे शीट मेटलला, म्हणजे पत्र्याच्या कामाला होते. राजापूरजवळच्या एका गावचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, हँगरमध्ये बावीस वर्षं. माणूस असा, की दिवस संपताना आपली हत्यारं पुसून, मोजून, पुन्हा एकदा मोजून मग हात धुवायला जायचा. गावी गेले की जमातीच्या सामायिक भांड्यांची किल्ली यांच्याकडे. लग्नाकार्याला मोठे टोप, पराती, चमचे मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे. "साहेब, बावीस वर्षांत एक चमचा गेला नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते ऐकून ऐकून मी त्यांना 'चमचेवाले' म्हणायचो, आणि ते हसायचे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका सरकारचं जेट आलं होतं. इथलं नव्हे, दूरच्या एका देशाचं. मंत्र्यासंत्र्यांना फिरवण्यासाठी आतून नवं करायचं होतं. मधोमध मोठ्या साहेबांचा सोफा, त्याच्यामागे अक्रोडाच्या लाकडाचे पॅनल. शेवटच्या आठवड्यात त्या सोफ्यामागची पाण्याची लाइन बघायला मला इन्स्पेक्शन मिरर लागला. रुपयाएवढा गोल आरसा, लांब करता येणारी दांडी, दांडीवर नंबर कोरलेला. माझी पाचही टोकनं अडकलेली. रफीकभाई शेजारीच होते. म्हणाले, "घ्या साहेब, माझं टोकन लावतो." आणि लावलं.

मी आरसा आत घातला, लाइन बघितली. तेवढ्यात लेकीच्या शाळेतून फोन आला, बस बंद पडलीय म्हणून. मी बोलत बोलत खाली उतरलो. आरसा कुठे ठेवला...? ठेवला असेन कुठेतरी.

संध्याकाळी बोर्डवर आरशाची जागा रिकामी होती आणि तिथे रफीकभाईंचं टोकन लटकत होतं.

दोन दिवस आम्ही विमान शोधलं. तिसऱ्या दिवशी त्या सरकारचा कुणीतरी मोठा माणूस त्यातून जाणार होता. मॅनेजरचं डोकं फिरलेलं. टोकन रफीकभाईंचं, म्हणजे आरसा रफीकभाईंचा. त्याचं म्हणणं, रफीकभाईंनी लिहून द्यावं की आरसा खिशात राहून हँगरबाहेर हरवला, म्हणजे विमानात नाही हे सिद्ध होईल आणि विमान सुटेल. रफीकभाईंनी कागद वाचला आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, आणि वाट बघितली.

तुम्हाला वाटेल मी विसरलो होतो. नाही. त्याच दिवशी सकाळी दाढी करताना मला लख्ख आठवलं होतं. फोन वाजला, मी आरसा पॅनलच्या आतल्या पट्टीवर ठेवला, दांडी पूर्ण लांब केलेली होती. ऑफिसला पोचल्या पोचल्या मी एकट्याने जाऊन ते पॅनल उघडलं. आरसा तिथे नव्हता. मग मी स्वतःला समजावलं, की तिथे नाही म्हणजे मी ठेवलाच नसेल. किती सोपं असतं बघा! रफीकभाईंनी सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी केली. महिन्याभरात त्यांचा व्हिसा कॅन्सल झाला. एअरपोर्टला सोडायला मी गेलो नाही, ऑडिट होतं असं सांगितलं. ऑडिट नव्हतं.

आता मुद्द्याचं.

सहा महिन्यांपूर्वी तेच विमान आमच्याकडे परत आलं. त्या सरकारने ते विकलं होतं, आणि नव्या मालकाला त्यातून अंतराळवीरांना ट्रेनिंग द्यायचं होतं. म्हणजे विमान तिरकं वर चढवायचं, मग पायलटने ते अलगद डोंगराच्या आकारात वळवायचं. त्या वळणात वीस-बावीस सेकंद आतल्या माणसाला वजनच उरत नाही, सगळं तरंगतं. मग विमान खालून पुन्हा वर उचललं की वजन जवळजवळ दुप्पट होतं आणि माणूस जमिनीला चिकटतो. अशा फेऱ्यांमागून फेऱ्या.

त्यासाठी आम्ही ते विमान अक्षरशः नागडं केलं. सोफा गेला, अक्रोडाचे पॅनल गेले, पाण्याची लाइन, गालिचा, जमिनीच्या फळ्या, भिंतीतलं इन्सुलेशन... सगळं. उघडा पत्रा उरला. त्यात आम्हाला पिस्त्याची टरफलं सापडली, कुणाचं तरी शर्टाचं सोन्याचं बटण सापडलं, एक लहान मोजा सापडला. आरसा सापडला नाही. मी बॅटरी घेऊन नाकापासून शेपटीपर्यंत इंच न् इंच बघितलं. दोनदा. मी का बघत होतो हे बाकी कुणाला ठाऊक नव्हतं. मग आत पांढरी गादी ठोकून सगळं बंद केलं आणि त्यावरही सही माझीच झाली.

अशा विमानाच्या पहिल्या टेस्ट फ्लाइटला मेंटेनन्सचा एक माणूस लागतो. कारण वजन गेलं की विमान स्वतःची झाडलोट करतं. फटीतली धूळ, पडलेला वॉशर, वायरचा तुकडा, जे काही राहिलं असेल ते आपोआप वर येतं. ते पकडून पिशवीत भरायचं. अंतराळवीर नंतर येतात, आधी झाडूवाले जातात. झाडूवाला म्हणून माझं नाव लागलं.

सकाळचे दहा वाजले होते. खाली समुद्र, वर स्वच्छ ऊन. भुताखेतांची वेळ नव्हे ही. आत मी, दोन टेक्निशियन आणि डॅनियल नावाचा सेफ्टी इन्स्ट्रक्टर. पहिल्या फेरीत धूळ आली, दोन वॉशर आले. दुसरीत प्लॅस्टिकचा एक तुकडा. तिसरीपासून सहावीपर्यंत काही नाही. डॅनियल अंगठा दाखवून म्हणाला, "क्लीन!"

सातव्या फेरीत आरसा आला.

डावीकडून आला, जिथे तो सोफा होता त्या बाजूने. गादीत तिथे फट नाही, मी नंतर बोटं घालून बघितलंय. सावकाश, स्वतःभोवती फिरत. दांडी पूर्ण लांब केलेली, मी केली होती तेवढीच. दांडीवरचा नंबर वाचता येईल इतका जवळ येऊन तो माझ्या छातीसमोर थांबला. तरंगती वस्तू थांबत नाही हो, ती भिंतीला आपटेपर्यंत जात राहते. हा थांबला. मग पायलटचा आवाज आला आणि वजन परत आलं. आम्ही चौघं धपकन गादीवर. माझे गाल खाली ओढले जात होते, मान उचलवत नव्हती... आणि आरसा होता तिथेच होता. हवेत. तीन, कदाचित चार सेकंद. मग तो माझ्या तळहातावर आला. पडला नाही. कुणीतरी ठेवावा तसा आला.

विमान सरळ झाल्यावर डॅनियलने विचारलं, "हे कुणाचं?"

मी म्हणालो, "माझं."

माझा हेतू खोटं बोलण्याचाच होता. त्याला वाटावं की मी खिशातून आरसा घेऊन चढलो. तसंच वाटलं. नियम मोडला म्हणून मला एक वॉर्निंग लेटर मिळालं, गुळगुळीत इंग्रजीतलं. त्याच आरशासाठी रफीकभाईंना घरचं तिकीट मिळालं होतं, मला एक कागद.

फ्लाइटचा व्हिडिओ मी नंतर मागून घेतला. त्यात आरसा दिसतो. पण सगळ्यांत आधी दिसतो तो माझा हात. आरसा फ्रेममध्ये येण्याच्याही आधी मी हात पुढे करून तळवा उघडलाय, प्रसाद घ्यायला करतात तसा. मी असं काही केल्याचं मला आजही आठवत नाही.

फ्लाइटच्या रात्रीच बायकोला सगळं सांगितलं, दोन वर्षांपूर्वीचंही. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "फोन कर त्यांना."

शारजातल्याच रोल्ला भागात रफीकभाईंच्या पुतण्याचं मोबाइलचं दुकान आहे. शुक्रवारी जाऊन नंबर आणला. पुतण्या आदराने बोलला, चहा मागवला. म्हणाला, "चाचा गावीच असतात. इकडच्या दोन कंपन्यांनी इंटरव्ह्यू घेतला, पण जुना रेकॉर्ड बघितला की खलास." मग म्हणाला, "गावात पण कुणीतरी उठवलं, की दुबईतून सामान चोरलं म्हणून काढलं. चाचांनी भांड्यांची किल्ली स्वतःच जमातीत नेऊन दिली."

मी गाडीत बसून फोन लावला. इकडे दुपार, एसी चालू. मी फक्त "रफीकभाई, मी बोलतोय" एवढंच म्हणालो.

पलीकडून शांत आवाज आला, "साहेब... आरसा मिळाला वाटतं."

मी पुतण्याला आरशाबद्दल काही बोललो नव्हतो. डॅनियलला रफीकभाई माहीतही नाहीत. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? मी रोज शोधतो ना," ते म्हणाले. "सकाळची कामं झाली की ओट्यावर बसतो, डोळे मिटतो आणि जातो त्या विमानात. पुढच्या दारापासून. एकेक पॅनल काढायचं, बघायचं, परत लावायचं. स्क्रू मोजायचे. घरचे बोलतात, म्हातारा झोपला. दोन वर्षं चाललंय, साहेब. अजून शेपटीपर्यंत पोचलो नव्हतो, कारण काम नीट करायचं. मागच्या आठवड्यात मोठ्या सोफ्यामागे गेलो. तिथे होता. तुम्ही पण समोरच दिसलात. मग म्हटलं, ज्याचा त्याला देऊन टाकू."

मी वार विचारला. त्यांनी सांगितला. वेळ विचारली. इथले दहा म्हणजे तिकडे साडेअकरा... त्यांनी अकरा-साडेअकरा सांगितले.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. शेवटी म्हणालो, "रफीकभाई, मी लेटर देतो. टोकन तुमचं होतं पण आरसा मी घेतला होता, असं लिहून देतो. तुमचा रेकॉर्ड साफ होईल. देतो मी... इन्शाल्ला."

गल्फमध्ये राहिलेल्यांना ऑफिसातलं इन्शाल्ला ठाऊक आहे. होणार नाही हे सभ्यपणे सांगायचं असलं की ते वापरतात.

रफीकभाई म्हणाले, "साहेब, मध्ये अल्लाचं नाव नका घेऊ. कागदावर तुमचं नाव पाहिजे." आणि सलाम करून त्यांनी फोन ठेवला.

मॅनेजरकडे मी आडून विचारून बघितलं, जुनी फाइल उघडता येईल का म्हणून. तो म्हणाला, "हबीबी, विसर. आरसा विमानात होता असं लिहिलंस तर ते विमान दीड वर्ष कुणाच्या सहीवर उडत होतं हे पहिलं विचारतील." सही अर्थात माझी. म्हणजे लायसन्स जाणार. लेक दहावीत आहे. हे कारण म्हणून देतोय असं नाही... देतोयच, खरं तर.

लेटर मी टाइप केलंय. दीड पानाचं आहे, सगळं खरं आहे. प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवलंय, त्यावर वजन म्हणून तो आरसा. बायको रोज विचारत नाही, पण रोज तो ड्रॉवर उघडून बघते.

सोललेल्या पत्र्याच्या विमानात आरसा कुठून आला, दुप्पट वजनात हवेत कसा थांबला, राजापूरजवळच्या ओट्यावर डोळे मिटून बसलेल्या माणसाला मी कसा दिसलो, याचं उत्तर माझ्याकडे नाही. इथे कुणाकडे असेल तर जरूर लिहा, वाचेन. रफीकभाईंना मात्र त्यातलं काहीच जाणून घ्यायचं नाही. त्यांनी मागितली ती एकच गोष्ट, आणि दोन महिने झाले, मी ती दिलेली नाही. ही पोस्टसुद्धा मी 'अनामिक सदस्य' म्हणून टाकतोय.