टाकीच्या झाकणाचं भोक

माझ्या कामाला कोणी नावं ठेवलेली मला चालत नाहीत. स्वयंपाकाला ठेवा, अक्षराला ठेवा, मी ऐकून घेईन. पण मी बांधलेलं पार्सल वाटेत सुटलं असं कोणी म्हटलं की मी भांडायला उठते. बांधायचं, झाकायचं, गुंडाळायचं हे मी जबलपूरच्या एका लष्करी कारखान्यात शिकले, आणि तेही युद्धाच्या वर्षी. म्हणूनच तिथे माझ्या हातून झालेली चूक मी घरात फारशी कोणाला सांगितली नाही.

एकाहत्तर साली कारखान्यात हंगामी भरती निघाली तेव्हा मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. घरी बसले होते म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांसमोर साडी नेसून उभी राहत होते. वडील रेल्वेत, राइट टाउनमध्ये भाड्याचं घर. मी अर्ज केला आणि आईने कपाळाला हात लावायच्या आत रुजूही झाले. पॅकिंगच्या शेडमध्ये आम्ही बारा-पंधरा बायका होतो. तयार झालेले सुटे भाग आमच्याकडे येत. ते पुसायचे, त्यांना घट्ट पिवळं ग्रीस फासायचं, मेणकागदात गुंडाळायचं आणि वर लेबल बांधायचं. आमचा सुपरवायझर दिवसातून दहा वेळा एकच वाक्य म्हणायचा, "एक भी छेद खुला नहीं रहना चाहिए." उघड्या भोकातून ओल आत जाते, ओलीने गंज चढतो, आणि गंजलेला भाग सीमेवर कोणाच्या तरी जिवावर बेततो, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला ते पटलं. मी बोटाने चाचपून एकेक भोक बुजवायची. माझं काम तो इतरजणींना दाखवायचा आणि मी दिवसभर नाक वर करून हिंडायची.

डिसेंबरात युद्ध सुरू झालं. घरोघरी खिडक्यांना काळे कागद लागले, ओमतीच्या बाजारातली दुकानं दिवेलागणीच्या आत बंद व्हायला लागली. कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या होत्या. कारखान्याच्या बगिच्यातली माणसंसुद्धा माल चढवायला नेली होती. त्या धांदलीत गवत कापायच्या तीन मशिनी आमच्या शेडमध्ये येऊन पडल्या. ऑफिससमोरची, दवाखान्यातली आणि क्लबची लॉन कापणाऱ्या या मशिनी पेट्रोलवर चालत. दोरी ओढून त्या सुरू करायच्या. थंडीत आमच्याकडचं गवत वाढत नाही, म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर त्या पुसून ठेवून देत आणि होळीनंतर बाहेर काढत. हे काम बगिच्याचे मिस्त्री स्वतः करत. त्या वर्षी दिवाळीपासूनच त्यांना उसंत नव्हती. कोणीतरी म्हणालं, पॅकिंगवाल्यांना द्या. पॅकिंगवाल्यांनी त्या मला दिल्या.

मी त्या अशा पॅक केल्या की बघत राहावं. पाती, चाकं, साखळी, टाकी, टाकीचं झाकण, काही सोडलं नाही. भोक दिसलं की बुजव, खाच दिसली की भर. सीमेवर काही मी जाणार नव्हते, पण या तीन मशिनींना गंज चढू देणार नव्हते.

युद्ध दोन आठवड्यांत संपलं. आपण जिंकलो, शेडमध्ये पेढे वाटले, आम्ही सगळ्या रडलो आणि हसलो. संक्रांतीनंतर मात्र काम ओसरलं. हंगामी बायका एकेक करून कमी व्हायला लागल्या. ही नोकरी गेली की परत साडी नेसून पाहुण्यांसमोर. सुपरवायझरने शब्द टाकला आणि मला सहा महिन्यांसाठी बगिच्यात पाठवलं, रजिस्टर लिहायला आणि मिस्त्रींच्या हाताखाली पडेल ते करायला.

मिस्त्री मूळचे नागपूरकडचे. मी त्यांना काका म्हणायची. बगिच्यात येण्याआधी वीस वर्षं त्यांनी तोफांची चाचणी होते त्या जागी काढली होती, आणि कान तिथेच ठेवून आले होते. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. त्यांची ख्याती मोठी होती. चालू इंजिनाला पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, टेकवून त्याची मूठ कानाशी धरायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, असं ते पूर्वी करत. आता कानांना ते जमत नव्हतं, पण पेचकस अजून शर्टाच्या खिशात असायचा.

बगिच्यावर नव्याने आलेल्या साहेबांना त्यांचं बहिरेपण खपत नव्हतं. बहिरा माणूस मशिनीवर नको, त्याला मेडिकल बोर्डासमोर उभा करून घरी पाठवा, असं त्यांचं म्हणणं. तसं पत्र टाइप होऊन त्यांच्या टेबलाच्या काचेखाली पडलेलं मी स्वतः पाहिलं होतं. फक्त सही राहिली होती. होळीच्या दुसऱ्या दिवशी साहेब बगिच्यात आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आठ दिन देता हूँ. तीनों मशीनें चलीं तो ठीक, नहीं तो मिस्त्री बोर्ड के सामने जाएगा." काकांना ऐकू येत नाही म्हणून मला सांगितलं. मीच ते कागदावर लिहून काकांना दाखवलं. त्यांनी वाचलं, कागदाची घडी केली आणि पेचकसाच्या खिशात ठेवली.

आम्ही ताडपत्री काढली. काकांनी मशिनीवरून हात फिरवला, बोटं पिवळी झाली.

"काय वं पोरी, मुरब्बा घालून ठेवला का याचा?"

मी फुगले. दोन दिवस आम्ही रॉकेलने ग्रीस धूत होतो. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवं भरलं, प्लग घासले. तिसऱ्या दिवशी बगिच्यातल्या दोन माळ्यांपैकी एकाने दोरी ओढली आणि पहिली मशीन तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. दोन-तीन मिनिटं चालली आणि बंद पडली. पेट्रोल संपलं की काय म्हणून झाकण उघडून पाहिलं, तर टाकी अर्धी भरलेली. झाकण लावलं, दोरी ओढली, परत सुरू. परत तीन मिनिटांत बंद. दुसरीचं तेच, तिसरीचंही तेच.

कार्बोरेटर तीनदा उघडला. प्लग नवे घातले. मोटर गॅरेजमधला एक मेकॅनिक येऊन कान लावून ऐकून गेला आणि म्हणाला, इंजिनं थकलीत. दोन्ही माळ्यांच्या हातांना दोरीने फोड आले. मशीन बंद पडली की आम्ही झाकण उघडायचो, तेव्हा दरवेळी बारीकसा फुस्स आवाज यायचा. मी तो ऐकला, माळ्यांनी ऐकला, मेकॅनिकनेही ऐकला असणार. आम्ही टाकीत डोकावायचो, पेट्रोल आहे म्हणायचो आणि झाकण लावायचो.

सहाव्या दिवशी काकांनी खिशातला पेचकस काढला. चालू इंजिनाला टेकवला, मूठ कानाशी दाबून धरली, डोळे मिटले. मशीन बंद पडली तरी ते तसेच उभे होते. बंद पडल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

"काही आयकू नाही येऊन राहिलं," ते म्हणाले. "साहेब काही खोटं नाही बोलून राहिला, पोरी."

मला इतकं वाईट वाटलं की मी रजिस्टर आणायच्या निमित्ताने आत गेले आणि उगाच कपाटं लावत बसले.

सातव्या दिवशी त्यांनी पेचकस काढलाच नाही. मशीन सुरू केली आणि तिच्यावर दोन्ही तळहात ठेवून बसले, गाईची धार काढायच्या आधी पाठीवर हात ठेवतात तसे. हात इंजिनावरून पुढे सरकत टाकीवर आले. मशीन बंद पडली. माळी सवयीने झाकण उघडायला धावला तर काकांनी त्याचा हात झटकला. मग त्यांनी स्वतः अगदी हळूहळू झाकण फिरवलं, थांबले, पुन्हा घट्ट केलं, पुन्हा फिरवलं.

"हे झाकण मले ओढून राहिलं," ते म्हणाले.

झाकण उलटं करून त्यांनी कडेखाली नख फिरवलं. पातळ तार मागितली आणि टोचली. बाहेर आली पिवळ्या ग्रीसची बारीक वळी. झाकणाला तिथे ज्वारीच्या दाण्याहूनही लहान भोक होतं.

"पेट्रोल खाली गेलं तर त्याच्या जागेवर हवा नाही लागत का?" काका मला समजावून सांगत होते. "बाटली तोंडाले लावून पाणी ओढलं का बाटली ओठाले चिपकते ना? तसंच. हवा नाही, तर पेट्रोल उतरन काहून?"

म्हणजे तो फुस्स आवाज झाकण उघडल्यावर आत शिरणाऱ्या हवेचा होता. मला पुढचं ऐकू येत नव्हतं. ते ग्रीस मी ओळखलं होतं. त्यावर माझ्या बोटाचा ठसा असल्यासारखं मला वाटत होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, ग्रीस चिंधीला पुसलं आणि चिंधी डब्यात टाकली. मग माझ्याजवळ आले आणि त्यांच्या मते कुजबुजले.

"कोणाले सांगू नको. तू हंगामी आहेस."

बहिऱ्या माणसाची कुजबुज ती. शेडमधल्या दोन्ही माळ्यांनी ऐकली, बाहेर नळावर भांडी घासणाऱ्या बाईनेही ऐकली.

आठव्या दिवशी साहेब आले. तिन्ही मशिनी ऑफिससमोरच्या लॉनवर एका रांगेत चालत होत्या, कापलेल्या गवताचा वास सुटला होता. साहेबांनी वीस मिनिटं घड्याळ बघितलं. एकही बंद पडली नाही. मग त्यांनी विचारलं, "खराबी क्या थी?" मी ते लिहून काकांना दाखवलं.

"ढक्कन का छेद बंद था, साहब. मेरे से साफ करना रह गया."

साहेबांनी मान हलवली. "इतनी सी बात, और सात दिन. यही तो मैं कह रहा हूँ." आणि ते ऑफिसकडे वळले.

मी गप्प राहिले. किती वेळ, तेही सांगते. साहेब लॉन ओलांडून ऑफिसच्या पायऱ्यांपर्यंत पोचले तेवढा वेळ. त्यांचा पाय पहिल्या पायरीवर पडला आणि मला स्वतःचा असा राग आला की मी पदर खोचून धावले.

"साहब, वह छेद मैंने बंद किया था! पॅकिंग मैंने की थी." एकदा तोंड उघडलं की मी थांबत नाही. "और पाँच दिन से हम सब कानवाले उसकी आवाज सुन रहे थे, साहब. किसी के भेजे में नहीं आया. जिसको सुनाई नहीं देता उसने पकड़ा. बोर्ड के सामने भेजना है तो हमको भेजिए."

साहेब पायरीवरच वळले. "तुम पक्की हो या टेंपररी?"

"टेंपररी."

"फिर भी बोल रही हो?"

"गुस्सा आ गया, साहब."

ते पायरीवरून उतरले. लॉनवर परत आले आणि काकांना हातानेच खूण केली, दाखव. काकांनी एक मशीन जागेवर चालू ठेवली आणि साहेबांचा अंगठा धरून झाकणाच्या भोकावर दाबला. साहेबाचा अंगठा धरायची कोणाची हिंमत नव्हती, पण काका शिकवायला लागले की समोर कोण आहे हे विसरायचे. आम्ही सगळे उभे. पहिलं मिनिट गेलं, दुसरं गेलं. मशीन अडखळली, फडफडली आणि बंद पडली. साहेब अंगठा उचलायला गेले, तर तो किंचित चिकटलेला. ते एकदम हसले.

"हाँ," ते म्हणाले, "खींच रहा है."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे सह्यांचं रजिस्टर घेऊन गेले तर काचेखाली पत्र नव्हतं. काका मात्र माझ्यावर आठवडाभर रागावले होते. "काहून बोलली वं? तुह्या नोकरीचं काय झालं असतं?" माझ्या नोकरीचं बरंच झालं. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन, आणि पुढे मी पक्की झाले. पुढच्या दिवाळीनंतर मशिनी ठेवताना काकांनी माझं बोट धरून त्या भोकावर ठेवलं आणि मग दूर केलं. तेवढाच धडा. दोन वर्षांनी ते हार घालून घेऊन रिटायर झाले आणि जबलपूरजवळच्या पाटनकडे शेतकऱ्यांचे पंप दुरुस्त करत फिरायला लागले. लांबून लांबून बोलावणी यायची.

आता माझेही कान गेलेत. मुलगा वरून काहीतरी ओरडतो. शब्द कळत नाहीत, पण सकाळच्या वेळी तो एकच गोष्ट विचारतो, पाण्याची मोटर चालू आहे का. मी जिन्याखाली जाते आणि मोटरवर तळहात ठेवते. ती थरथरत असते, पाइपातून पाणी वर चढत असतं.

"चालू आहे," मी सांगते. हळूच सांगते. आणि मुलगा खाली येऊन माझ्या कानाशी म्हणतो, आई, एवढ्या मोठ्याने ओरडू नकोस, अख्ख्या गल्लीला कळलं.