स्वयंपाकघरामागच्या आसरा

ओतूरला एसटी स्टँडमागच्या भाड्याच्या खोल्यांत आमचा संसार सुरू झाला. घरमालकाच्या जिन्यात चपला काढायच्या की नाही, यावरून रोज कुरबुर. स्वतःच्या घराचं खूळ माझ्या डोक्यात तेव्हाच शिरलं. नवऱ्यापेक्षा मलाच जास्त घाई होती.

गावाबाहेरचं ते घर पाहिलं आणि माझा जीव तिथंच अडकला. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी होती. ओट्याशी उभं राहिलं की समोर उसाचं रान. सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं म्हणून नवऱ्याने मोबाईलवर दाराची दिशा पाहिली. दिशा चोख निघाली. भिंतीला हात लावून पाहावा, असं मात्र दोघांच्याही मनात आलं नाही.

घरामागे, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, शेंदूर लावलेले सात दगड ओळीने मांडलेले होते. साती आसरा. आम्ही चपला काढल्या, हात जोडले आणि पुढे गेलो. आमच्याकडे देव दिसला की हात आपोआप जोडले जातात, त्यासाठी विचार करावा लागत नाही. त्या दिवशीही आम्ही तो केला नाही. शुक्रवारी विसार द्यायचा ठरला. त्याआधी ओझरला जाऊन गणपतीला नारळसुद्धा वाढवून आलो.

शुक्रवारी पोचलो तेव्हा त्या घराचे मालक नवऱ्याला घेऊन पुढच्या खोलीत बसले. त्यांची बायको मागे आसरांना हळदकुंकू वाहत होती, म्हणून मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिने तांब्यातलं पाणी दगडांवर घातलं आणि मला एकदम आई आठवली. निरगुडसरला आमच्या विहिरीच्या काठावर अशाच आसरा आहेत, आई त्यांना नैवेद्य नेते. आसरा पाण्यापाशी असतात. विहिरीवर, डोहावर, नदीकाठी. उगाच परसात आणून त्यांना कुणी बसवत नाही.

"वहिनी, इथं विहीर कुठंय?" मी विचारलं.

ती वाकली होती तशीच थांबली. देवापुढे बसून खोटं बोलणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

"व्हती," ती म्हणाली. "घर बांधताना बुजवली." आणि हळद लागलेल्या बोटाने तिने समोरची भिंत दाखवली.

मी तडक आत गेले. स्वयंपाकघरातल्या एवढ्या एकाच भिंतीला नवा रंग होता. तिच्यापुढे लोखंडी कपाट. नवऱ्याला हाक मारून ते बाजूला ओढायला लावलं. खिडकीच्या कोपऱ्यातून फरशीपर्यंत तिरकी भेग गेली होती. रंगारी भरतात ती लांबी भरून बुजवलेली, तरी पुन्हा उघडलेली. भिंत आणि फरशी यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट होती. मागचं दार एका बाजूने जमिनीला घासत होतं. गेल्या खेपेलाही ते घासतच असणार, पण मी उसाकडे बघत होते.

"काळी माती हाय, भाऊ," घरमालक म्हणाले. "भेगा समद्यांच्याच घराला पडत्यात."

ते काही खोटं नव्हतं. पण ही भेग मातीची नव्हती. विहिरीतला भराव बसत चालला होता आणि घराचा तो कोपरा त्याच्यासोबत खाली निघाला होता. रंग, लांबी, कपाट, सगळं त्यांनी करून पाहिलं होतं. आसरांना मात्र हात लावायची त्यांची छाती झाली नाही. माझीही झाली नसती.

मला त्या माणसाचा राग आला आणि खरं सांगायचं तर आसरांचाही आला. बाहेर येऊन मी नवऱ्याशी वाद घातला.

"डागडुजी करून घेऊ ना आपण."

"अगं, विहिरीवर उभ्या असलेल्या घराची कसली डागडुजी?" तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं, म्हणून मला रडू आलं.

विसार न देताच निघालो, तेव्हा फाटकापाशी घरमालकाच्या बायकोने माझा हात धरला. "ताई, कुनाला सांगू नका. आमाला बी हितनं निघायचंय. पोरगी त्याच बाजूला झोपती."

मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, माझं मलाच कळलं नाही.

पुढे नवऱ्याच्या ओळखीतल्या एकाने त्याच घराची चौकशी केली. त्याला तान्हं मूल होतं. मी सगळं सांगून टाकलं. त्यानंतर ते घर घ्यायला कुणी गेल्याचं कानावर आलं नाही.

आम्हाला यथावकाश घर मिळालं, कातळावरचं. घेण्याआधी मी प्रत्येक कपाट हलवलं, प्रत्येक दार लावून पाहिलं, आणि इथं पूर्वी विहीर होती का, असं शेजारीपाजारी विचारत फिरले. लोक हसले. स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा लावावा लागतो. खिडकीतून शेजाऱ्याची पाण्याची टाकी दिसते.

मध्यंतरी बाजारात मेथी घेताना त्या घरातली ती वहिनी भेटली. मला तोंड लपवावंसं वाटलं, पण तिनेच हाक मारली.

"घेतलं का घर?"

"घेतलं. लहान आहे."

"भेगा न्हाईत ना?"

"नाहीत."

"बरं झालं," ती म्हणाली. जुडी पिशवीत ठेवली, पदर सारखा केला. "आमी तिथंच हाय अजून. पोरीला तेवढी पुढच्या खोलीत घेतली."