सभागृहाची व्यवस्था

विद्यापीठातल्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी कुलगुरू समजून शिपायाला वाकून नमस्कार केला. सभा विभागात रुजू व्हायचं होतं. चुकून सभागृहाचं दार ढकललं, तर मधल्या उंच पाठीच्या खुर्चीत पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले एक गृहस्थ डोळे मिटून बसलेले. "नमस्कार सर," मी म्हटलं. त्यांनी एक डोळा उघडला. "बस गो बाय. पन मी तो न्हाय. तो अकरा वाजता येल." एवढं बोलून ते उठले आणि शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. मग तिच्या शेजारच्या.

ते हिराजीभाऊ. पदभरतीपासून अंदाजपत्रकापर्यंत सगळं जिथे ठरतं, त्या व्यवस्थापन परिषदेच्या प्रत्येक बैठकीआधी हा माणूस सगळ्या खुर्च्यांवर एकदा बसून बघायचा. कुठली कुरकुरते, कुठे पंख्याने कागद उडतात, कुठून पडदा दिसत नाही, सगळं त्यांना पाठ. मी हसले की म्हणायचे, "बसनाऱ्याला खुर्ची कलत न्हाय, पुसनाऱ्याला कलते."

ते मूळचे गोडदेव गावचे. वडिलांची मिठागरं होती, तिथे आता इमारती उभ्या आहेत. मी लग्न करून लालबागहून तिथल्याच इंद्रलोक वसाहतीत आलेली. "म्हंजे आमच्याच गावात ऱ्हायला आलीस," असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्या डब्यातली तांदळाची अर्धी भाकरी माझी झाली. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते माहीत होतं. त्या एक जास्तच द्यायच्या.

अंदाजपत्रकाच्या प्रती लावायचं काम आमच्याकडे. आम्ही पानं लावायचो, हिराजीभाऊ पानं वाचायचे. "हात चालतान, मंग डोले कशाला फुकट ठेवू?" एका वर्षी त्यांच्या लक्षात आलं, की कंत्राटी सफाईवाल्या बायकांच्या रेनकोट आणि गमबुटांची तरतूदच गायब आहे. टाइप करताना ओळ सुटलेली. त्यांनी आमच्या विभागाच्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "हिराजी, तू चहाचं बघ."

त्यांनी चहाचं बघितलं. पण बैठकीच्या दिवशी खुर्च्या तपासता तपासता सदस्य असलेल्या एका प्राध्यापक बाईंच्या फायलीत गेल्या वर्षीच्या अंदाजपत्रकाचं तेवढं पान ठेवून दिलं, त्या ओळीवर पेन्सिलीची खूण करून. बाई चतुर. भर सभेत त्यांनी विचारलं, "ही तरतूद यंदा कुठे गेली?" धावपळ झाली, ओळ परत आली. इतिवृत्तात मीच लिहिलं, 'मा. सदस्यांनी निदर्शनास आणून दिल्यानुसार तरतूद कायम ठेवण्यात आली.' हिराजीभाऊ तेव्हा मागे उभे राहून कप पुसत होते, चेहरा असा की जणू मराठीच समजत नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी मी हट्टालाच पेटले. एवढी वर्षं राबलेल्या माणसाचं नाव एकदा तरी विद्यापीठाच्या कागदावर यायला हवं! गुणवंत कर्मचारी पुरस्कार होता, पण आमच्याकडची रीत अशी की अर्ज स्वतःच करायचा, तोही पुराव्यांसकट तीन प्रतींत. हिराजीभाऊ कसले करतात? शेवटी मीच भरला. 'उल्लेखनीय कार्य' या रकान्यात रेनकोटची हकिगत चांगली दोन पानं रंगवून लिहिली आणि सहीसाठी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी ती शांतपणे वाचली, घडी घालून खिशात टाकली. "येडी झालीस काय गो? शिपायानं सदस्याच्या फायलीत कागद सरकवला, ह्याचा पुरावा तीन प्रतींत देतंस? बक्षीस न्हाय, मेमो येल."

मी कपाळावर हात मारला. ती हकिगत काढल्यावर रकान्यात उरलं काय, तर 'वेळेवर उपस्थिती'. माझ्या आग्रहाखातर त्यांनी सही केली. पुरस्कार अर्थातच दुसऱ्याला गेला, आणि दप्तरखोलीत जाऊन मी रडले. तेही मागून आले. "मीठ कमी पडला का सगले बोलतान. बरोबर पडला का कोन बोलतो? गप ऱ्हा. भाकरी खा."

मी गप्प राहिले नाही. त्यांच्या शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त लिहिताना 'अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली' याच्याखाली एक ओळ वाढवली: 'सभागृहाची व्यवस्था श्री. हिराजी धर्मा पाटील यांनी पाहिली.' कुलसचिवांचं पेन त्या ओळीवर थांबलं. "हे काय? अशी पद्धत नाही आपल्याकडे." मी म्हटलं, "सर, पण खरं आहे ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा ओळीकडे बघितलं, आणि सही केली. पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम झालं. कुणी हरकत घेतली नाही. शेवटपर्यंत वाचलंच नसेल म्हणा. पण एकदा कायम झालं की ते कुणालाही खोडता येत नाही.

त्याची प्रत घेऊन मी गोडदेवला गेले. हिराजीभाऊ तेव्हा बरेच थकले होते. बोट ठेवून ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. मला वाटलं, आता डोळे पुसतील. ते म्हणाले, "खोटा हाय ह्या."

"काय खोटं आहे?"

"मी एकल्यानं बघितली काय व्यवस्था? तुजा नाव कुठं हाय?"

वहिनींकडून पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या नावापुढे 'आणि' जोडायला जागा नाही म्हणून त्यांनी ओळीच्या खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. विद्यापीठाच्या कायम झालेल्या इतिवृत्तात स्वतःच्या हाताने भर! पुन्हा मेमोचंच काम.

गेल्या वर्षी हिराजीभाऊ गेले. ती प्रत माझ्या कपाटात आहे. एकोणीस वर्षं मी इतिवृत्तं लिहितेय. त्यात माझं नाव एकदाच आलंय, तेही हिराजीभाऊंच्या अक्षरात.