उन्हात ठेवलेला सेल

डॉक्टरांनी एक्सरेची फिल्म खिडकीसमोर धरली. आमच्या जुबेदाच्या गळ्याच्या जरा खाली एक पांढरा गोल दिसला. "पैसा निगला है," ते म्हणाले. इसोफॅगसमध्ये, म्हणजे अन्ननलिकेत, नाणं अडकलं होतं. बऱ्याचदा ते आपोआप खाली उतरतं, तेव्हा सकाळपर्यंत वाट बघू, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मला हायसं वाटलं. कतारला, दोह्यात, तेव्हा आपले रुपये-पैसेच चालायचे आणि नव्या पैशाचं एवढंसं नाणं पोरं गिळतातच. माझी बायको सकीना मात्र गप्प बसेना. अडीच वर्षांची जुबेदा सकाळपासून लाळ गाळत होती. पाण्याचा घोटही परत येत होता.

"पैसा हिला कुठं गावला?" सकीना मला म्हणाली. "घरात खाली कायच पडलेलं नसतं."

डॉक्टरांनी फिल्म पुन्हा उचलली. गोलाच्या आत, कडेला लागून, दुसरा बारीक गोल होता. नाण्यात तसा नसतो. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या कानातून शर्टाच्या खिशात उतरणाऱ्या वायरकडे.

"आपकी मशीन में कौन सी बैटरी है?"

टायफॉइडमध्ये माझे कान गेले होते. खिशात हिअरिंग एड, म्हणजे ऐकण्याचं यंत्र असायचं आणि त्यात मर्क्युरी सेल. मर्क्युरी म्हणजे पारा. चपटी, चकचकीत, नव्या पैशाएवढी गोळी. दोह्यात हे सेल कधी मिळायचे, कधी नाही. मुंबईच्या बोटीने कोणी येणार असलं की त्याच्या हातापाया पडून मागवायचो. त्यामुळे ऐकण्याच्या बाबतीत मी पक्का कंजूष झालो होतो. पेढीवरच्या कामाला यंत्र चालू, घरी जेवायला बसलो की बंद. ताटंवाट्यांचा खणखणाट ऐकायला सेल कशाला जाळायचा?

टॉर्चचे सेल उतरले की उन्हात ठेवायचे, हे रत्नागिरीच्या माणसाला शिकवावं लागत नाही. दोन दिवस टॉर्च पुन्हा मिणमिणते. सकीनाने माझे उतरलेले सेल तसेच गच्चीवर ठेवले होते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून सांडग्यांच्या सुपात. कतारचं ऊन तर काय, मेलेल्याला उठवील, असं मीच हसून म्हणालो होतो. आणि सुपातले अर्धे ओले सांडगे उचलून तोंडात टाकणं हा आमच्याकडच्या प्रत्येक पोराचा धंदा. आम्हीही तेच केलेलं.

सकीनाच्या ध्यानात आलं. "सुपात होते," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी हात पुढे केला. मी यंत्रातला सेल काढून दिला. त्यांनी तो फिल्मवरच्या गोलावर ठेवला. तंतोतंत बसला.

त्यानंतर ते भराभर बोलले आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही. माझा तो शेवटचा चालता सेल होता. कोणत्या चिमट्यात तशी गोळी नीट पकडली जाते हे आधी बघायचं, म्हणून तो घेऊन ते ऑपरेशन थिएटरमध्ये गेले. सकीनाने खुणांनी सांगितलं: आत्ताच काढणार. बाकीचं मला नंतर कळलं: उतरलेल्या सेलातही जोर उरलेला असतो, ओल्या जागी अडकला की आतलं मांस जाळतो.

बाहेरच्या बाकावर मी बसलो. पंखा बिनआवाजाचा फिरत होता. सकीनाचे ओठ दुवा मागत होते. आतून पोर रडतेय का, हे मी तिला सारखं विचारत होतो, आणि बहुधा ओरडूनच, कारण लोक वळून बघत होते. ती नाही म्हणून मान हलवायची. रडत नाही हे बरं की वाईट? भूल दिलेलं मूल रडत नाही हे मला कळत होतं, पण पटत नव्हतं. मला माझ्या कानांचा, त्या सेलाचा, त्या उन्हाचा सगळ्याचा संताप आला होता.

डॉक्टर बाहेर आले. एका हातात वाडगं, त्यात काळा पडलेला सेल. दुसऱ्या हातात माझा. त्यांचे ओठ हलत होते. घाईत मी सेल उलटा घातला, काढला, पुन्हा घातला. तोवर अर्धं बोलून झालं होतं.

"...जला है, मगर छेद नहीं हुआ।"

छेद म्हणजे परफोरेशन, अन्ननलिकेला भोक पडणं. ते टळलं होतं. बरेच दिवस नाकातल्या नळीने तिला दूध दिलं. घरी आणल्यावर काही आठवड्यांनी घास अडकायला लागला. स्ट्रिक्चर, म्हणजे भाजल्या जागेची नळी आवळत जाणं. मग भूल देऊन सळीसारख्या नळ्यांनी ती जागा रुंद करायची. असं पुन्हा पुन्हा करावं लागलं, अजूनही लागतं. प्रत्येक वेळी ती जाताना माझं बोट सोडत नाही.

ज्यांच्या घरात असलं यंत्र आहे त्यांना हात जोडून सांगतो: उतरलेला सेल मेला असं समजू नका. मुलाने गोल काही गिळलं असेल तर नाणंच असेल म्हणून घरी थांबू नका. आमच्या डॉक्टरांनी फिल्म दुसऱ्यांदा उचलली, म्हणून आमची पोर वाचली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मी अजूनही कंजूषच आहे. पण आता सेल पेढीवर वाचवतो. शेठ ओरडले तर ओरडोत, तिथे यंत्र बंद. जेवायला बसलो की चालू. जुबेदा माझ्या मांडीवर बसते, तेव्हा तिचा गळा बरोबर माझ्या खिशातल्या यंत्राशी येतो. सकीना मऊ भाताचा घास भरवते, आणि आम्ही दोघं हात थांबवून बसतो.

"गेला, बाबा," जुबेदा मान वर करून सांगते.

मला तो आधीच ऐकू आलेला असतो.