सुतळीत ओवलेली मरळ

केदारखेड्यात जगन्नाथभाऊंचं घर विचारलं तर लोक आधी हसतात आणि मग बोट दाखवतात. त्यात लोकांचा काही दोष नाही. भोकरदनच्या शाळेत एकतीस वर्षं ज्या माणसाने क्लार्की केली, बिनटाचणीचा कागद ज्याच्या टेबलावरून कधी पुढे सरकला नाही, तोच माणूस साठीला टेकल्यावर डोळ्यांना पोहायचा चष्मा लावून, हातात बरची घेऊन पूर्णेच्या डोहात बुड्या मारू लागला, तर गाव हसणार नाही तर काय रडणार?

सुरुवात गुडघ्यांपासून झाली. डॉक्टर म्हणाले, पोहत जा. पोहता लहानपणापासून येत होतं. पण रोज नुसतं इकडून तिकडे पोहायचं म्हणजे क्लार्क माणसाला वेळ वाया गेल्यासारखं वाटे. डोहावर बद्रीनाथ असायचा. तो शाळूसोबती, पण सातवीतून शाळा सोडून बापाची जाळी खांद्यावर घेतलेला. त्याच्या झोपडीच्या आढ्याला चुलत्याची जुनी बरची खोचलेली होती. पुरुषभर उंचीचा वेळू आणि टोकाला लोखंडाची तीन अणकुचीदार बोटं. जगन्नाथभाऊंनी ती सहज म्हणून मागितली आणि खूळ लागलं ते लागलंच.

दिवाळीपर्यंत नेम बसला. पण बसला तो नुसता नेमच. पाच मासे बरचीला लागले आणि पाचातला एकही घरापर्यंत आला नाही. हातातोंडाशी आलेला घास रोज पाण्यातच राहायचा. चहाच्या हॉटेलावर वसंता विचारायचा, "भाऊ, आज पुन्हा नदीला दान करून आले का?" आणि सगळं हॉटेल खिदळायचं.

हेही भाऊंनी पचवलं असतं. पण पौषात त्यांची लेक गंधाली सातव्या महिन्याची माहेरी आली आणि तिला डोहाळे लागले ते चिंचेचे नाहीत, कैरीचे नाहीत. ती म्हणाली, "बाबा, मला मरळ खायचीय. तुम्ही मारलेली."

आता मरळ घरात यायची म्हणजे साधी गोष्ट नव्हती. उषाबाईंच्या, म्हणजे भाऊंच्या मंडळींच्या, गळ्यात सव्वीस वर्षांची तुळशीची माळ. स्वयंपाकघरात अंडंसुद्धा चालत नसे. मात्र नवऱ्याच्या जिभेवर त्यांनी कधी पहारा बसवला नाही. गोठ्यामागे तीन दगडांची चूल, तिथलं पातेलं वेगळं, पळी वेगळी. रविवार आणि बुधवार एवढेच दोन वार. आणि जो आणील तोच शिजवील. कायदा स्पष्ट होता. शिवाय दिवस थोडे होते. गंधालीचा रक्तदाब जरा वर राहत होता, म्हणून पुढच्या सोमवारी तिला जालन्याला, दवाखान्याजवळ राहणाऱ्या नणंदेकडे न्यायचं ठरलं होतं. रविवार, बुधवार आणि पुन्हा रविवार. भाऊंच्या हाती तीनच वार उरले होते.

पहिल्या रविवारी पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या बुडख्याशी कोपरभर लांब मरळ दिसली आणि एका फटक्यात बरचीला लागली. भाऊ तिला घेऊन वर आले. आता ती बांधायची. माणूस कितीही वर्षं कागदात राहो, हात शेतकऱ्याचेच असतात. लहानपणी ज्वारीच्या पेंढ्या बांधून बांधून त्यांच्या बोटांना एकच बांधणी ठाऊक होती. त्यांनी मरळीच्या पोटाला सुतळीचे दोन वेढे दिले, पेंढीच्या बंधाला, म्हणजे आळ्याला, मारतात तसा पीळ मारला, टोक आत खोचलं आणि कमरेला लटकवून काठाकडे निघाले. काठावर येऊन बघतात तर आळा जागच्या जागी, पीळ घट्ट, आणि पेंढी गायब!

बद्रीनाथ हसून हसून वाळूत बसला. "भाऊ, तो कडबा हाय का? वल्ल्या साबणाला कोणी मधोमध बांधतं का?"

बुधवारी भाऊंनी बांधायच्या भानगडीतच पडायचं नाही असं ठरवलं. बरचीला लागलेली मरळ तशीच धरून काठावर आणली आणि वाळूवर काढून ठेवली. ती निपचित पडली. हलत नाही, डुलत नाही. भाऊंचा ऊर भरून आला. लेकीला फोटो पाठवावा म्हणून ते दहा पावलांवर बाभळीला टांगलेल्या पँटीतून मोबाईल काढायला गेले. मोबाईल सापडला तर वाचायचा चष्मा सापडेना. चष्मा लावून परत आले तेव्हा वाळूवरून पाण्यापर्यंत गेलेली एक नागमोडी रेघ तेवढी शिल्लक होती.

"मरळ हाय ती," बद्रीनाथ म्हणाला. "घंटाभर बाहेर जिती राह्यती. पडून राह्यली म्हून मेली म्हणायचं न्हाई."

भाऊंनी त्या रेघेचाच फोटो काढून पाठवला. गंधाली पोट धरून हसली. भाऊ घरी आले तेव्हा मात्र तिने त्यांचे थंडीने निळसर पडलेले हात पाहिले आणि म्हणाली, "राहू द्या बाबा. एवढ्या गारठ्यात नका जाऊ. बाजारातून आणू आपण."

ती प्रेमानेच म्हणाली. पण बाजारातून हा शब्द भाऊंना भाल्यासारखा लागला. लेकीने उभ्या आयुष्यात बापाकडे जे मागितलं ते शाळेच्या पगारातून, बाजारातूनच आलं होतं. फ्रॉक, सायकल, लग्नातला शालू, सगळं. पहिल्यांदाच तिने बापाच्या हातचं काही मागितलं होतं. आणि ते हातातून दोनदा निसटलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ बद्रीनाथासमोर विद्यार्थ्यासारखे बसले. बद्रीनाथाने बोटांवर मोजत सांगितलं, "मासा लागला की वर वढायची घाई न्हाई करायची. बरची खाली तळाला दाबून ठिवायची. दुसरा हात कल्ल्याखाली घालायचा, तिथं पकड बसती. वर आलं की पह्यले डोक्यावर एक टोला, बराबर. जीव घ्यायचा तर जल्दी घ्यावा, तडफडू देणं पाप हाय. मंग कल्ल्यातून दोरी घालायची, तोंडातून काढायची. अन् कमरेला बिलकुल न्हाई बांधायचं! दोरी बाभळीच्या फांदीत गुतली तर मासा न्हाई, तुम्हीच तिथं ऱ्हाल. तेलाच्या रिकाम्या कॅनला बांधा. तो तरंगतो, तुम्ही मोकळे."

ओवायचं म्हणजे सुई पाहिजे. घरी ओसरीवर उषाबाई मक्याची पोती शिवत बसल्या होत्या. त्यांच्या हातातलं दाभण पोत्याच्या तोंडातून असं सरासरा जाई की बघत राहावं. भाऊंनी गुपचूप टोपलीतला दोडका उचलला, एक जुनं वाकडं दाभण घेतलं आणि कोपऱ्यात बसून दोडक्यात सुतळी ओवायला लागले. दोडक्याच्या चिंध्या व्हायची वेळ आली तेव्हा उषाबाईंना राहवलं नाही.

"काय करून राह्यले तुम्ही त्या दोडक्याचं?"

भाऊंनी खरं ते सांगून टाकलं. उषाबाईंनी दोडका हिसकावून घेतला. दाभण एका बाजूने तिरकं घातलं, दुसऱ्या बाजूने काढलं, सुतळीचं टोक फिरवून पोत्याच्या तोंडाला मारतात ती गाठ मारली. भाऊंनी ओढली, झटका दिला, दोडका हवेत गरगरा फिरवला. गाठ हलली नाही. मग उषाबाईंनी त्यांच्या हाताने ती गाठ दहादा मारून घेतली.

"हे वाकडं दाभण तुम्हालाच ठिवा, माझ्या पोत्यांत आणू नका," त्या म्हणाल्या. "अन् मी दोडक्याला गाठ शिकवली. तुम्ही तिच्यात काय ओवता ते मला सांगायचं न्हाई."

शेवटचा रविवार उजाडला. ऊन वर आल्यावर भाऊ डोहात उतरले. शेजारी पाण्यावर मोकळा सोडलेला पिवळा कॅन, कॅनला सुतळी, सुतळीला बुचात खोचलेलं दाभण. पहिल्या तीन बुड्यांत काही दिसलं नाही. चौथ्या बुडीला बुडख्याशी काळी सावली हलली. कोण जाणे, बुधवारचीच असेल! बरची लागली. या वेळी भाऊंनी ओढलं नाही. श्वास संपत आला तरी तळाशी दाबून धरलं, कल्ल्याखाली बोटं रुतवली आणि मग वर आले. कॅनच्या आधाराने कमरेएवढ्या पाण्यात येऊन त्यांनी टोला घातला, कल्ल्यातून दाभण घातलं, तोंडातून काढलं आणि गाठ मारली. एकदा ओढून पाहिली. दोनदा. तिसऱ्यांदा पाहायला लागले तेव्हा काठावरून बद्रीनाथ ओरडला, "बस झालं भाऊ, आता ती काय पळती!"

पण खरी परीक्षा पुढेच होती. बद्रीनाथाने मरळ ओल्या गोणपाटात गुंडाळून दिली आणि बजावलं, "उन्हात ठिवू नका, अन् रस्त्यात कुठं थांबू नका." तीन महिने ज्या हॉटेलाने टिंगल केली त्याच हॉटेलावरून, हातात मरळ असताना, न थांबता जायचं! वसंताने हाळी दिलीच, "भाऊ, आज काय?" भाऊंचे पाय आपोआप मंदावले. मग त्यांनी गोणपाट वीतभर उचललं, मरळीचं डोकं दाखवलं आणि चालणं सोडलं नाही. मागे हॉटेल एकदम चिडीचूप झालं आणि मग कोणीतरी शिट्टी मारली. एवढा आनंद भाऊंना निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता.

गोठ्यामागे आल्यावर मात्र गाठ सुटेना. बोटं गारठून लाकडं झालेली. भाऊंनी दात लावून पाहिले आणि शेवटी विळा उचलला.

"कापू नका!" ओसरीवरून आवाज आला. उषाबाई नाकाला पदर लावून आल्या, मान दुसरीकडे फिरवून त्यांनी सुतळीचं नेमकं एक टोक ओढलं, आणि पोत्याचं तोंड उघडावं तशी गाठ सरकन उकलली. मरळ परातीत पडली. उषाबाई जशा आल्या तशा हात धुवायला गेल्या.

भाऊंनी कालवण केलं. लसूण, सुकं खोबरं, काळा मसाला, आणि घाईत जरा जास्तच तिखट. भाकरी उषाबाईंनी आपल्या चुलीवर थापून लांबूनच ताटात टाकल्या. गंधाली गोठ्यामागच्या उन्हात बाजेवर बसून जेवली. अर्धी भाकरी तिने एका दमात संपवली. नाक वाहत होतं, डोळे वाहत होते, आणि त्यातलं मिरचीचं किती नि बापाचं किती हे तिलाही सांगता आलं नसतं. भाऊ विस्तवाकडे बघत बसले होते. त्यांचेही डोळे भरले होते, पण त्यांना धुराची सोय होती.

"बाबा," गंधाली बोटं चाटत म्हणाली, "उद्या जालन्याला गेले की मंग कुठली अशी मरळ!"

गोठ्याच्या भिंतीआडून उषाबाईंचा आवाज आला. "बुधवारी अजून एक आणायला सांग त्यांना. डबा घिऊन मी येते दुपारच्या एसटीनं."

भाऊंनी चमकून मान वर केली. "तू? अगं, माळ हाय तुझ्या गळ्यात. मी नेऊन दीन की."

"तुम्ही?" उषाबाई म्हणाल्या. "तुमच्या हातून जालन्यापर्यंत पोहोचंल का ते?"

गंधाली इतकी हसली की तिला ताट खाली ठेवावं लागलं. संध्याकाळी भाऊ पातेलं घासायला गोठ्यामागे गेले, तेव्हा त्या वेगळ्या भांड्यांच्या शेजारी उषाबाईंचा लग्नातला पितळी कडीचा डबा धुऊन पालथा घातलेला होता. माळ घातल्यापासूनची सव्वीस वर्षं तो स्वयंपाकघरातल्या फळीवर असायचा. आता तो तिथे परत जाणार नव्हता.